सुई नेमकं काय मोजते?

माझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले धातूचे सोळा अर्धगोल तुकडे आहेत. मोटारीच्या इंजिनातल्या बेअरिंगचे हे शेल. चार सिलिंडरच्या इंजिनात असे अठरा असतात. क्रँकशाफ्ट ज्या पाच ठिकाणी टेकतो तिथले दहा आणि चार कनेक्टिंग रॉडचे आठ. माझ्या डब्यात दोन कमी आहेत, कारण 2004 साली दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर तिसऱ्या सिलिंडरचा रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन शेलांचा चुरा झाला.

त्या इंजिनाचं खापर ते जोडणाऱ्या फिटरवर फुटलं. त्यात माझाही होकार होता. ते इंजिन खरोखर कशानं गेलं हे मला कळायला बरीच वर्षं लागली. एरवी तेलाच्या दाबासारख्या रुक्ष विषयावर दिवाळी अंकाची पानं अडवण्याचं धाडस मी केलं नसतं.

मी इंजिनिअर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर. त्या टीमचे हिशेब ठेवायचो आणि बरोबर येणारी वही भरायचो. कोणत्या फेरीला किती वेळ लागला, टायरमध्ये हवा किती, पाण्याचं तापमान किती, तेलाचा दाब किती. गाडी घरगुतीच होती, 1300 सीसीचं इंजिन रेससाठी तयार केलेलं. शुक्रवारच्या सरावानंतर चालक म्हणाला, "लांब उजव्या वळणावर ऑइलची सुई हलते. बाहेर पडलं की जागेवर येते." सरळ रस्त्यावर सुई साठ पौंडांवर असायची. वर्कशॉपच्या भाषेत पौंड म्हणजे चौरस इंचाला पौंड. साडेचौदा पौंडांचा साधारण एक बार होतो.

मग जे सगळीकडे करतात तेच झालं. पातळ तेल काढून जाड, 20 डब्ल्यू 50 चं तेल भरलं. पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली एक वॉशर घातला. शनिवारी सरळ रस्त्यावर सुई पंचाहत्तरवर. वहीत माझ्याच अक्षरात एक शब्द आहे: 'सुधारणा'. रविवारी नवव्या फेरीत त्याच वळणावर रॉड बाहेर आला, तेल पुढच्या चाकांखाली गेलं आणि गाडी गरगरत वाळूत जाऊन थांबली. चालक आपल्या पायांनी बाहेर आला हे नशीब. संध्याकाळी ठरलं की रॉडचे नट नीट आवळले गेले नसणार. मालकांनी मला विचारलं, मी मान हलवली. बावीस-तेवीस वर्षांचा तो मुलगा त्याच आठवड्यात कामावरून गेला.

शेल मी जपून ठेवले ते काही संशय आला म्हणून नव्हे. भंगारात टाकायला दिले होते, ते माझ्या बॅगेत राहून गेले.

आता मुद्द्याकडे येतो. दाबाची सुई काय मोजते? मी इतकी वर्षं समजत होतो की ती इंजिनात 'तेल किती जोरात आहे' ते मोजते. तसं नाही. इंजिनाचा तेलाचा पंप दर फेऱ्याला ठरावीक तेल पुढे ढकलतो, बस्स. दाब पंप निर्माण करत नाही. तेल ज्या फटींमधून बाहेर पडायला बघतं त्या फटी अडवतात आणि त्या अडवणुकीतून दाब तयार होतो. बागेतल्या पाइपाच्या तोंडावर अंगठा धरला की धार लांब जाते, पण नळातून जास्त पाणी येत नसतं. म्हणजे सुई मोजते तो अडथळा. म्हणूनच तेलाची वाट तुंबली तरी सुई वर जाते, आणि वर गेलेली सुई पाहून खूश होणारा माणूस फसू शकतो.

या फटी किती असतात? क्रँकशाफ्ट आणि शेल यांच्यात दर इंच व्यासाला एक हजारांश इंच, असा जुना ठोकताळा आहे. व्यास 50 मिलिमीटर असेल तर फट 0.05 मिलिमीटर, साधारण एका केसाच्या जाडीइतकी. अशा फटीतून वाहणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. झिजून फट 0.05 ची 0.07 झाली, तर वाढ चाळीस टक्के, पण गळती पावणेतीन पट. जुन्या इंजिनाची सुई गरम झाल्यावर का झोपते याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं तापमानात. 40 ग्रेडच्या तेलाचा दाटपणा शंभर अंशांना जितका असतो, त्याच्या जवळपास निम्माच एकशे तीस अंशांना उरतो. रेसमध्ये एकशे तीस काही विशेष नाही.

याहून मोठा धक्का मला एका जुन्या प्रयोगानं दिला. 1880 च्या दशकात इंग्लंडमध्ये बोशां टॉवर नावाचा अभियंता तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेसाठी रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. आस फिरतो, त्याच्या डोक्यावर पितळी बेअरिंग भार घेऊन बसलेलं, खाली आस तेलात बुडलेला. तेल घालायला सोयीचं म्हणून टॉवरनं बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरायला लागला आणि त्या भोकातून तेल आत जायच्या ऐवजी बाहेर यायला लागलं. त्यानं बूच मारलं, ते हळूहळू वर सरकून निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तिचंही तेच. शेवटी त्यानं तिथे दाबमापक बसवला. बेअरिंगवर सरासरी भार होता चौरस इंचाला शंभर पौंड आणि मापकाची सुई गेली दोनशेच्या पलीकडे. तिथे पंप नव्हताच! फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढून निमुळत्या फटीत कोंबत होता, आणि त्या कोंबण्यातून इतका दाब तयार होत होता की सगळा भार तेलावर तरंगत होता. 1886 साली ऑसबर्न रेनॉल्ड्सनं याचं गणित मांडलं. आजही बेअरिंगचं शास्त्र त्यावरच उभं आहे.

बैलगाडीखाली टांगलेलं वंगणाचं नळकांडं माझ्या पिढीनं पाहिलंय. आसाला वंगण लावलं की चाक हलकं जातं एवढं आपण जाणत होतो. धातू धातूला टेकतच नाही, हे टॉवरच्या त्या भोकानं दाखवलं.

याचा अर्थ असा की क्रँकशाफ्टला उचलून धरणारा दाब डॅशबोर्डवर दिसतच नाही. तो बेअरिंगच्या आत, तेलाच्या पातळ पडद्यात असतो, शेकडो बार. डॅशबोर्डवरचे चार-पाच बार फक्त त्या पडद्याला तेल पुरवण्यासाठी. पुरवठा अखंड असेल तर चार बार आहेत की तीन याला फारसं महत्त्व नाही. पुरवठा क्षणभर तुटला, तर आधी किती होते याला काहीच महत्त्व नाही.

मग रेसवाले 'हजार आरपीएमला दहा पौंड' असा हिशेब का धरतात? त्यालाही कारण आहे. रॉडच्या बेअरिंगला तेल क्रँकशाफ्टच्या पोटातल्या भोकांतून जातं. ज्या क्रँकशाफ्टमध्ये हे भोक आरपार, मध्यातून जातं, तिथे तेलाला आधी बाहेरून मध्याकडे जावं लागतं, आणि फिरणारा क्रँकशाफ्ट तर त्याला बाहेर फेकत असतो. 50 मिलिमीटरच्या जर्नलला सात हजार आरपीएमला ही बाहेर फेकणारी ताकद सुमारे वीस पौंडांइतकी येते, नऊ हजारांना चौतीसच्या आसपास. वेगाच्या वर्गानं ती वाढते. एवढं ओलांडून वर काही शिल्लक हवं, म्हणून तो ठोकताळा. ठोकताळा म्हणून तो ठीक आहे. त्याला नियम मानून स्प्रिंगा कडक करत बसणं ही दुसरी गोष्ट.

एव्हाना वाचकाच्या लक्षात आलं असेल की 'दाब किती आहे' हा निदानाचा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न: सुई खरं बोलते का? इलेक्ट्रिक सेंडरला इंजिनाच्या लोखंडातून अर्थिंग मिळतं. गळती नको म्हणून कोणी त्याच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली की अर्थिंग अडखळतं आणि सुई मनाला येईल तसं सांगते. म्हणून इंजिन उघडण्याआधी सेंडरच्या जागी साधा यांत्रिक मापक लावून पाहावा. तासाभराचं काम. हे न करता खाली उतरवलेली इंजिनं मी पाहिली आहेत.

दुसरा प्रश्न डिपस्टिकचा. तेल किती आहे, आणि त्याला वास कसला येतो. जास्त पेट्रोल जाळणाऱ्या इंजिनात ते तेलात उतरतं आणि तेल पातळ करतं. नाकाला कळतं.

तिसरा प्रश्न खरा महत्त्वाचा: दाब केव्हा पडतो? गरम इंजिन उभं असताना सुई खाली आणि वेग घेतला की ठीक, तर फटी वाढल्या आहेत किंवा तेल पातळ झालंय. लोक यालाच सर्वांत जास्त घाबरतात, आणि बहुतेक वेळा घाबरण्याचं सर्वांत कमी कारण इथेच असतं. उलट, उभं असताना छान आणि सहा-सात हजारांच्या वर सुई थरथरत खाली येत असेल तर पंपाला तेल पुरत नाही, तो हवा ओढतोय. पंपाच्या नळीच्या तोंडाशी जाळी असते. ती चेंबरच्या तळाला फार चिकटली असेल, नळीच्या सांध्याची रिंग कडक झाली असेल, किंवा आपल्याकडचा लाडका प्रकार, गास्केटऐवजी सढळ हातानं लावलेलं सिलिकॉन आत सुटून जाळीवर बसलं असेल. अशा जाळ्या मी मुठीनं साफ केल्या आहेत. सत्रभर दाब हळूहळू उतरत गेला तर तापमान पाहावं. एकदम खाली येऊन तिथेच राहिला तर रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्यानं उघडा अडकल्याची शंका घ्यावी, आणि गाडी ताबडतोब बंद करावी.

आणि दाब फक्त वळणावर पडत असेल, तर तेल आहे, पण जिथे हवं तिथे नाही.

सम्पला, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याला, आपले मेकॅनिक चेंबर म्हणतात. गाडी वळताना त्यातलं तेल बाहेरच्या बाजूला जातं हे कुणीही सांगेल. किती जातं याचा हिशेब मी जेव्हा कागदावर केला तेव्हा घाबरलो. चांगल्या टायरवर रेसची गाडी 1 जी इतक्या आडव्या ताकदीनं वळते, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकीच ताकद आडवी. तेव्हा तेलाचा पृष्ठभाग सपाट राहत नाही, बरोबर पंचेचाळीस अंशांत कलतो. आमच्या गाडीचं इंजिन आडवं बसवलेलं होतं, तेव्हा तेल क्रँकशाफ्टच्या लांबीच्या दिशेनं धावणार. चेंबर 35 सेंटिमीटर लांब आणि तेल 10 सेंटिमीटर खोल धरू. पंचेचाळीस अंशांत ते तेल एका टोकाला साडेसव्वीस सेंटिमीटर चढू पाहतं, म्हणजे थेट फिरत्या क्रँकशाफ्टमध्ये, जिथे त्याचा फेस होतो. दुसऱ्या टोकाचा साडेआठ सेंटिमीटर तळ उघडा पडतो. आता यात भर अशी की पंपानं वर नेलेलं तेल हेडमधून खाली यायला वेळ लागतो. निम्मं तेल वर अडकलेलं असेल तर चेंबरचा सोळा सेंटिमीटर तळ कोरडा होतो. पस्तीसपैकी सोळा. जाळी जवळपास मध्यावर असली तरी ती काठावर आली.

वळण तीन सेकंदांचं. सात हजार आरपीएमला तीन सेकंदांत क्रँकशाफ्ट साडेतीनशे फेरे मारतो. हे सगळे कोरडे जात नाहीत. पडदा काही काळ टिकतो, फेसाळ तेलही थोडं काम करतं. म्हणून इंजिन पहिल्या वेळी जात नाही. दर फेरीला शेलचा थोडा थर पुसला जातो. शुक्रवारी, शनिवारी, रविवारी आठ फेऱ्या.

आता आमच्या उपायाकडे पाहा. जाड तेल भरलं. जाड तेल हेडमधून आणखी सावकाश खाली उतरतं. म्हणजे चेंबरमध्ये वळणाच्या वेळी तेल आणखी कमी. स्प्रिंगखालचा वॉशर तर फक्त सरळ रस्त्यावरचा आकडा वाढवतो. पंपाच्या तोंडाशी हवा असताना तो व्हॉल्व्ह बंदच असतो, त्याचा काही संबंधच येत नाही. मापकाच्या बारीक नळीमुळे वळणावरची घसरण थरथरीइतकीच दिसत होती आणि आम्ही सरळ रस्त्यावरचे पंचाहत्तर पाहून निश्चिंत झालो. 'सुधारणा' लिहिलं त्या दिवशी आम्ही आजार वाढवला होता.

हे कागदावर जुळलं तेव्हा मला डबा आठवला. कागदावरचा हिशेब पुरावा नसतो, शेल असतो. शेलची पाठ पोलादाची, त्यावर तांबे-शिशाचा थर आणि सर्वांत वर मऊ करड्या धातूचा अगदी पातळ मुलामा. करडं जाऊन खालचं तांबूस दिसू लागलं की मुलामा गेला. जोडणी करताना शेलच्या पाठीमागे कचरा राहिला तर नेमका तेवढाच भाग घासून चकाकतो. नट सैल असतील तर शेल आपल्या जागी हलतो आणि त्याच्या पाठीवर घासल्याच्या खुणा उमटतात. अशी चूक एका रॉडवर होते. फार तर दोन.

मी सोळाही शेल टेबलावर ओळीनं मांडले. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या रॉडचे सहाही शेल तांबूस, मुलामा काठापर्यंत ओढला गेलेला, कडा काळवंडलेल्या. पाठी स्वच्छ. मेन बेअरिंगचे दहा शेल मात्र बरेचसे करडेच. मेन बेअरिंगला तेल आधी मिळतं, रॉडला त्यांच्यामागून. तुटवडा झाला की रांगेत शेवटी उभे असलेले उपाशी राहतात. नट आवळण्यातल्या चुकीनं तिसरा रॉड गेला असता, तर बाकीच्या तिघांचं तोंड असं एकसारखं भाजलेलं दिसलं नसतं. ते इंजिन तेलाविना गेलं होतं, आणि तसं ते कुणीही जोडलं असतं तरी गेलं असतं.

त्या फिटरला शोधणं फार कठीण गेलं नाही. तो आता ट्रॅक्टरची इंजिनं करतो, स्वतःचं गाळं आहे. मी डबा घेऊन गेलो आणि शेल त्याच्यासमोर मांडले. त्यानं एकेक उचलून उजेडाकडे धरला, पाठ पाहिली, नखानं खरवडलं. मला जे कळायला वर्षं लागली ते त्याला दोन मिनिटांत कळलं. म्हणाला, "काका, चेंबरमध्ये आडवे पत्रे मारा असं मी शुक्रवारीच म्हटलं होतं. तुम्ही तिथेच होता." मला ते आठवत नव्हतं. घरी येऊन वही पाहिली. त्यात ते लिहिलेलंही नव्हतं. मी आकडे तेवढे लिहून घेत असे. मालक आज हयात नाहीत. मी त्याची माफी मागितली, त्यानं चहा मागवला. नंतर आम्ही त्याबद्दल बोललो नाही.

आडवे पत्रे हा उपाय जुना आहे. चेंबरमध्ये कप्पे करायचे, जाळीभोवती एक छोटी खोली आणि तिला आतच उघडणाऱ्या झडपा, म्हणजे तेल आत येईल पण वळणावर बाहेर जाऊ शकणार नाही. दुसरा उपाय दाबाखाली तेल साठवणारी एक नळकांड्यासारखी टाकी. दाब पडला की ती आपलं तेल काही सेकंद इंजिनाला देते. खरा उपाय म्हणजे चेंबरमध्ये तेल ठेवायचंच नाही. याला ड्राय सम्प म्हणतात. तेल वेगळ्या उंच टाकीत, आणि खाली पडणारं तेल ओढून तिकडे पाठवणारे जादा पंप. खालच्या पंपांची क्षमता मुद्दाम दाबाच्या पंपापेक्षा जास्त ठेवतात, कारण त्यांना तेलाबरोबर भरपूर हवाही ओढावी लागते. चेंबर उथळ झाल्यानं इंजिनही खाली बसवता येतं. पोर्श 911 मध्ये ही रचना पहिल्यापासून होती. 1967 साली झांडवूर्टला पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्कच्या लोटसला जिंकून देणारं कॉसवर्थचं डीएफव्ही इंजिनही ड्राय सम्पचंच. पण ड्राय सम्पचा खर्च आमच्यासारख्यांच्या पूर्ण गाडीइतका होतो, तेव्हा पत्रे आणि झडपा.

गेल्या काही वर्षांत मी एका तरुण मंडळींच्या टीमची वही भरतो. त्यांच्याकडे सेकंदाला कितीतरी वेळा दाब टिपणारं यंत्र आहे. पहिल्याच सत्राच्या आलेखात तोच खड्डा दिसला: डाव्या वळणावर बासष्टवरून एकोणीस, पावणेदोन सेकंद. एकानं लगेच जाड तेलाचं नाव काढलं. त्या रात्री आम्ही चेंबर उतरवला. जाळीभोवती चार पत्रे वेल्ड केले, दोन झडपा बसवल्या, हेडमधून तेल खाली येणारी भोकं साफ केली, आणि तेल होतं त्याच ग्रेडचं, अर्धा लिटर जास्त भरलं. जुना फिल्टर कापून त्याची घडी पांढऱ्या कागदावर उलगडली. तांबूस चमक नव्हती, म्हणून शेल उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर सर्वांत खालचा आकडा एक्कावन्न. वहीत आता दाबाच्या रकान्याला लागून 'कुठे' असा एक रकाना आहे, आणि त्याच्या शेजारी कोण काय म्हणालं ते लिहायला जागा.